दिवाळी आणि दिवाळे

दिवाळी आणि दिवाळे या दोन शब्दांत अंतर आहे ते एका वेलांटीचे आणि एका मात्रेचे. जुन्या काळी पेढी बुडाली की व्यापारी भरदिवसा दुकानात दिवा लावून ठेवी आणि आपण निघून जाई. त्या दिव्यावरून 'दिवाळे' आले, अशी एक व्युत्पत्ती सांगतात. ती शास्त्रशुद्ध असो वा नसो, मला आवडते. तीत बुडालेला माणूस आपले बुडणे निदान जगाला सांगतो तरी! आम्हा मध्यमवर्गीयांना ती सोय नाही. आम्ही दिवा लावीत नाही, पडदे ओढून घेतो. तुकोबांनी आपल्या वाट्याची खतपत्रे इंद्रायणीत सोडली, ही कथा मी वर्गात दरवर्षी रंगवून सांगतो. पण ती घेणेकऱ्याची कथा झाली. देणेकऱ्याने काय करावे, हे आम्हाला कोणी शिकवले नाही आणि आम्हीही कोणाला शिकवीत नाही.

माझा एक मावसभाऊ आहे. धाकटे-थोरले सगळेच त्याला दादा म्हणतात. पुण्यात त्याचा लहानसा छापखाना होता. लग्नपत्रिका, पावतीपुस्तके, असली कामे. २०२० साली टाळेबंदी आली, लग्ने पन्नास माणसांत उरकू लागली आणि पत्रिका फोनवरून जाऊ लागल्या. यंत्राचे हप्ते पुढे ढकलले गेले, पण चुकले नाहीत. मग हप्त्यासाठी क्रेडिट कार्ड, कार्डासाठी फोनवरचे झटपट कर्ज, आणि त्या कर्जासाठी ओळखीच्या एका गृहस्थाकडून दरमहा शेकडा पाच व्याजाने पैसे. आम्हाला यातले काही ठाऊक नव्हते. दर दिवाळीला दादा चिवड्याचा डबा घेऊन हसतमुखाने येत होता.

गेल्या लक्ष्मीपूजनाला मात्र तो साडेसातच्या सुमारास रिकाम्या हाताने आला आणि म्हणाला, "थोडा वेळ इथे बसू का रे?" घरी वसुलीची दोन माणसे येऊन बसली होती. वसुलीवाल्यांनी सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोनसुद्धा करू नये, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ सालचा दंडक आहे. तो त्याला माहीत नव्हता, आणि चार बुके वाचलेल्या मलाही नव्हता.

सुट्टी संपल्यावर मी त्याला शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात नेले. तेथे विधी सेवा प्राधिकरणाची कचेरी आहे. १९८७ च्या कायद्याने अशी कचेरी जिल्ह्याजिल्ह्यांत झाली आहे. ठराविक मर्यादेच्या आत उत्पन्न असणाऱ्याला तेथे वकील विनामूल्य मिळतो. स्त्रीला तर उत्पन्न न विचारता. दादा पायरीवरच थबकला. "फुकटचा वकील नको रे," म्हणाला. शेकडा पाचाने पैसे उचलताना न थबकलेला माणूस!

वकीलबाई तिशीच्या असतील. त्यांनी उपदेश केला नाही. दोन कोरे कागद पुढे ठेवले. एकावर देणी लिहायची, दुसऱ्यावर ती फेडण्यासाठी आजवर काय काय मोडले ते. दादाने दुसरा कागद आधी भरला. पीपीएफची पंधरा वर्षांची रक्कम. आयुर्विमा. वहिनींचे मंगळसूत्र. बाईंनी पेन्सिलीने एकेकावर खूण केली. "हे जप्त झालं नसतं. हेही नाही. आणि हे तर मुळीच नाही."

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या साठाव्या कलमात जप्तीतून वगळलेल्या गोष्टींची यादी आहे. नेसूचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण, कारागिराची हत्यारे, धर्माचाराप्रमाणे स्त्रीने अंगावेगळे करू नयेत ते दागिने, भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याचे पैसे. म्हणजे ज्याला कोर्टाच्या बेलिफाला हात लावता आला नसता, नेमके तेच दादाने अब्रूपायी आपल्या हाताने नेऊन दिले होते. तो बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिला. मग हळूच विचारले, "आणि तुरुंग?" बाई म्हणाल्या, केवळ दारिद्र्यामुळे फेडू न शकणाऱ्याला त्यासाठी कैदेत टाकता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९८० सालीच सांगून ठेवले आहे. पैसा दडवून बसणाऱ्याची गोष्ट निराळी.

मग नादारीचा अर्ज करायचे ठरले. (आमच्या वडिलांच्या पिढीला नादारी म्हटले की शाळेतली फीमाफी आठवते!) २०१६ साली नवी संहिता झाली खरी, पण तिचा व्यक्तींविषयीचा भाग २०१९ पासून लागू आहे तो फक्त कंपन्यांना जामीन राहिलेल्यांना. तुम्हाआम्हाला जुनेच कायदे. मुंबई शहरात १९०९ चा, उच्च न्यायालयात. बाकी महाराष्ट्रात १९२० चा, जिल्ह्याच्या न्यायालयात. देणे पाचशे रुपयांहून अधिक असले की अर्ज करता येतो. शंभर वर्षे झाली, पाचशेचे पाचशेच! नादार ठरल्यावर मालमत्ता रिसीव्हरकडे जाते आणि घेणेकऱ्यांना न्यायालयाच्या परवानगीशिवाय एकेकट्याने दावे लावता येत नाहीत. गहाण वस्तूंना हे संरक्षण नाही. दादाचे यंत्र बँकेने नेले. पुढे मुक्ततेचा हुकूम मागताना, मालमत्ता रुपयामागे आठ आण्यांचीही नसेल, तर हे आपल्या दोषाने घडले नाही असे न्यायाधीशांना पटवावे लागते. तोवर आमदार-खासदार होता येत नाही. दादाला याचे फारसे दुःख झालेले दिसले नाही.

बाईंनी एक गोष्ट मात्र दोनदा बजावली. देणी एकूण एक लिहायची, अगदी दूधवाल्याचीसुद्धा. आणि आता कोणा एकाचे मर्जीने आधी फेडायचे नाही.

अर्ज पाडव्यानंतर दाखल झाला. आषाढात आमच्याकडे न्यायालयाचे पाकीट आले. हिने ते आधी देवापुढे ठेवले, मग मी फोडले. घेणेकऱ्यांच्या यादीत अकराव्या क्रमांकावर माझे नाव होते. रुपये चार हजार, हातउसने, मार्च २०२१. मी ते केव्हाच विसरून गेलो होतो. लगेच फोन लावला.

"दादा, माझं कशाला घातलंस?"

"खरं तेवढं सगळं लिहायचं, असं बाईंनी सांगितलंय," दादा म्हणाला. "आणि तारखेला ये हं. तुला बोलायचा हक्क आहे."

तारीख दिवाळीनंतरची आहे.