कोल्ड एअर इनटेक आणि रिमॅपने कारचा पिकअप खरंच वाढतो का?

‘इनटेक बसवला आणि गाडी पळायला लागली’ छापाच्या रील्स तुम्हीही पाहिल्या असतील. प्रत्यक्षात नुसत्या इनटेकने फरक पडतो तो मुख्यतः आवाजात.

थंड हवा दाट असते, तिच्यात ऑक्सिजन जास्त मावतो, हे बरोबरच. पण बहुतेक गाड्यांचा कंपनीचा एअरबॉक्सही बाहेरचीच हवा घेतो. उलट उघडा कोन फिल्टर बॉनेटखाली बसवला, तर तो इंजिनाजवळची गरम हवा ओढतो. खाली बम्परजवळ बसवला, तर पावसाळ्यात तुंबलेल्या रस्त्यावर पाणी थेट इंजिनात जाण्याची भीती.

खरी ताकद वाढते ईसीयू रिमॅपने, तीही टर्बो इंजिनात, कारण तिथे बूस्ट वाढवता येतो. टर्बो नसलेल्या पेट्रोल गाडीत पैसे वसूल होणं कठीण. दोन्ही करायचंच असेल, तर आधी इनटेक, मग ट्यून. पाइपचा व्यास बदलला की एअरफ्लो सेन्सरचं गणित चुकतं.

आणि कायदा? मोटार वाहन कायद्यात २०१९ साली आलेल्या कलम १८२ए नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रिमॅपनंतर इंजिन बिघडलं, तर कंपनी वॉरंटी नाकारू शकते, ते वेगळंच.