ॲसिडची बाटली आधी घराबाहेर काढा



"फिनेल, ॲसिडऽऽ" अशी आरोळी आली की आमच्या गल्लीतल्या बाया रिकामी बाटली घेऊन बाहेर येतात. बाटली असते थंड पेयाची, नाहीतर पाण्याची. तिच्यावर ना नाव, ना इशारा. भरून आणली की ती मोरीच्या कोपऱ्यात, लेकराचा हात पोचेल अशा जागी उभी राहते. ॲसिडहल्ल्यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं, की घेणाऱ्याचं ओळखपत्र बघा, नोंद ठेवा, 18 वर्षांखालच्याला देऊ नका. गाडीवाल्याने आमच्यापैकी कुणाचं ओळखपत्र मागितल्याचं मला आठवत नाही.

नोकरीत असताना कॅज्युअल्टीत असंच एक लेकरू आलं होतं. उन्हातून खेळून आलं, बाटली दिसली, तोंडाला लावली. जीव वाचला. पण अन्ननलिका आतून भाजली की जखम भरताना ती आवळत जाते. ती रुंद करून घ्यायला त्याची आई पुढे कितीतरी महिने रोज बुडवून येत राहिली. घरच्यांनी घाबरून त्याला मीठपाणी पाजून उलटी करायला लावली होती. असं कधीही करू नका. ॲसिड वर येताना पुन्हा भाजतं. तोंड पाण्याने धुवा, बाटली सोबत घ्या आणि थेट दवाखाना गाठा. डोळ्यात उडालं तर आधी 15-20 मिनिटं वाहत्या पाण्याने डोळा धुवा, मग निघा.

दुसरी खोड मिसळायची. संडास जास्त पांढरा व्हावा म्हणून ॲसिडवर ब्लीचिंग पावडर टाकतात. त्यातून क्लोरीन वायू सुटतो. आपल्याकडचा संडास म्हणजे दार लावलं की माणूस जेमतेम मावेल एवढा, खिडकी नाहीच. घसा धरतो, खोकला थांबत नाही, दम्याची बाई असेल तर जिवावर बेततं. लिंबू आणि व्हिनेगरसुद्धा आम्लच; तेही ब्लीचिंगमध्ये घालू नका.

मग घासायचं कशानं? धुण्याच्या सोड्यानं. किराणा दुकानात सुटा मिळतो, स्वस्त पडतो. खायचा सोडा वेगळा, दोन्हीची गफलत नको. बादलीभर गरम पाण्यात मूठभर सोडा टाकला की मोरी, फरशी, शेगडीखालची ओशट टाइल निघते. हाताला झोंबतो, म्हणून हातमोजे घाला. ॲल्युमिनियमच्या भांड्यांना मात्र लावू नका, काळी पडतात. नळाभोवतीचे पांढरे डाग हे खाऱ्या पाण्याचे, ते सोड्याने जात नाहीत. तिथे लिंबूफूल पाण्यात विरघळवून अर्धा तास लावून ठेवा आणि घासा. पिळलेल्या लिंबाच्या साली, चिंचेचा कोळ, हे तांब्यापितळेला आजही पुरेसं आहे. रिठे रात्री भिजत घालून, सकाळी उकळून, कुस्करून गाळले की भांडी आणि लोकरीचे कपडे छान निघतात. फेस कमी येतो. तेवढ्यावरून मळ निघत नाही असं समजू नका. तेच रिठ्याचं पाणी आता 'ऑरगॅनिक' म्हणून महागड्या बाटलीत विकतात, त्याचं मला हसू येतं.

मोबाइलवरच्या व्हिडिओत खायचा सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओततात, भसकन फेस येतो आणि सगळे खूश. फेस ओसरला की दोघांचाही जोर संपलेला असतो. वापरायचं तर एकच काहीतरी वापरा.

पण एक गोष्ट नर्स म्हणून ठामपणे सांगते. सोडा, लिंबू, रिठा मळ काढतात, जंतू मारत नाहीत. घरात हगवण-उलटीचा पेशंट असेल तर ब्लीचिंग पावडर हवीच. ताज्या पावडरीत साधारण 30 टक्के क्लोरीन असतं. लिटरभर पाण्यात 15 ग्रॅम, म्हणजे साधारण एक मोठा चमचा, कालवा. घाण आधी पुसून घ्या, मग ते पाणी ओतून दहा मिनिटं राहू द्या. रोज लागत नाही.

आणि ते गोमूत्राचं फिनेल. पर्यावरणाला चांगलं म्हणून आता आपल्याही घरांत शिरू लागलंय. गुरांच्या मुतातून लेप्टोचे जंतू पसरतात, हे आरोग्य खात्याची माणसं दर पावसाळ्यात सांगतात. बाटलीतल्यात ते जिवंत असतील असं मी म्हणत नाही. पण जंतुनाशक म्हणून त्याच्यावर विसंबून राहायला मी कुणाला सांगणार नाही. शिवाय 1927 साली बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी प्याल्यावर ते तळं शेण-गोमूत्र घालूनच 'शुद्ध' केलं होतं. ती शुद्धी कुठल्या जंतूंवर नव्हती, आपल्यावर होती. त्याच वर्षी महाडला बाबासाहेबांनी आपल्या आयाबायांना नीटनेटकं, स्वच्छ राहायला सांगितलं. ती स्वच्छता साबणपाण्याची. ती आणि ही एक नव्हे.

रिठे उकळत बसायला वेळ कुणाला आहे, असं बाया विचारतात. खरंय. टँकरच्या रांगेत उभी राहणारी, चार घरची धुणीभांडी करणारी बाई घरी येऊन आणखी एक काम कशाला वाढवेल? सोडा कालवायला पुरुषांनाही येतं. रिठे राहू द्या, सोडा आणि साबणावर भागवा.

त्या चार घरांत तर ॲसिड हातात दिलं जातं आणि हातमोजे मात्र नसतात. बोटांची साल गेलेल्या किती बाया माझ्याकडे मलम मागायला येतात! एकटीने तक्रार केली तर दुसरी बाई ठेवतील. एकाच इमारतीत जाणाऱ्या सगळ्याजणींनी मिळून सांगा: ॲसिडने घासणार नाही, सोडा, ब्रश आणि हातमोजे द्या.

घरात उरलेलं ॲसिड उघड्या जागी, बादलीभर पाण्यात थोडं थोडं ओता. ॲसिडमध्ये पाणी ओतू नका, उसळतं. मग ते संडासात सोडा आणि वर भरपूर पाणी टाका. त्या दिवशी तिथे ब्लीचिंग नको. रिकामी बाटली विसळून, चेपून, बूच वेगळं करूनच कचऱ्यात टाका. ती उचलणाऱ्या आपल्याच बाया आहेत.