त्याच नकाशाचे पुन्हा पैसे?



मागचे दोन-तीन लेख चातुर्मासातल्या स्वयंपाकावर झाले आणि आज ही बाई एकदम व्हिडिओ गेमवर घसरली, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्याकडे रात्रीच्या नाही, संध्याकाळच्या जेवणावर (आमचं सूर्यास्ताआधीच उरकतं) या विषयावरून चांगलाच वाद झाला. त्यात माझं मत ह्यांच्या विरुद्ध पडलं. ते मांडल्याशिवाय मला चैन पडायची नाही.

झालं असं. लेकीकडे निन्टेन्डोचं स्विच आहे. बारावीचा अभ्यास सांभाळून ती त्यावर 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड' खेळायची. 'झेल्डा' मालिकेतला हा गेम मार्च २०१७ मध्ये आला. लिंक नावाचा तरुण शंभर वर्षांच्या झोपेतून उठतो आणि हायरूल नावाच्या मोडकळीला आलेल्या राज्यात फिरतो, एवढीच गोष्ट. समोर डोंगर दिसला की चढायचा, गाव दिसलं की शिरायचं. त्याचा पुढचा भाग, 'टिअर्स ऑफ द किंग्डम', सहा वर्षांनी म्हणजे मे २०२३ मध्ये आला. अमेरिकेत पहिल्याची किंमत साठ डॉलर होती, याची सत्तर. आणि राज्य तेच. डोंगर तेच, नद्या त्याच, गावं तीच.

परीक्षा संपल्यावर लेकीने हा दुसरा भाग मागितला, तेव्हा हे म्हणाले, "त्याच नकाशाचे पुन्हा पैसे? मी दुकानात जुनी साडी नवी घडी घालून विकली तर गिऱ्हाईक उंबरा चढेल का परत?"

कापडवाल्याचा हिशेब आहे, चूक म्हणता येत नाही. मलाही आधी तसंच वाटलं होतं. पण भाच्याने दुबईहून तो गेम आणला आणि मी भाजी निवडत लेकीच्या शेजारी बसू लागले, तसं माझं मत फिरलं.

मारामारीचं आधीच सांगते, कारण तुम्ही विचारणारच. आहे. राक्षस आहेत, हरले की धुरासारखे विरून जातात. शिकारही करता येते, पण केलीच पाहिजे असं नाही, आमची लेक करत नाही. कढईत भात, भोपळा, सफरचंद असे पाच पदार्थांपर्यंत काहीही टाकून शिजवता येतं, शिजताना छान सूर वाजतो. मधावरून आणि मशरूमवरून आमची थोडी बाचाबाची झाली. आणि लिंकची सगळी ताकद भरून देणारी भाजी कोणती, तर म्हणे मुळा! मी कपाळाला हात लावला.

असो. मुद्दा जागेचा.

पहिल्या गेमला पुरवणी म्हणून काही भाग जोडायचे होते, पण कल्पना इतक्या साचल्या की वेगळा गेमच करायचं ठरलं, असं निर्माते एइजी आओनुमा यांनी सांगितलेलं आहे. दुसऱ्या भागात आकाशात तरंगणारी बेटं आहेत आणि जमिनीखाली अख्ख्या राज्याएवढा काळोखा प्रदेश आहे. वर डोंगर असेल तिथे खाली दरी. हे नवं झालं. पण मला त्या बेटांचं फारसं काही वाटलं नाही. मला धरून ठेवलं ते जुन्या गावांनी.

हातेनो नावाच्या गावात पहिल्या भागात एक पडकं घर असतं. ते विकत घेता येतं. तिथल्या नाण्यांनाही रुपीच म्हणतात, तीन हजार रुपी आणि वर लाकडाच्या तीस मोळ्या. लेकीने पै-पै जमवून ते घेतलं होतं, भिंतीला ढाली-तलवारी टांगल्या होत्या. दुसऱ्या भागात ती धावत तिथे गेली, तर घर आता राजकन्या झेल्डाचं! लेक जाम चिडली. पण त्याच गावात झेल्डाने मुलांसाठी शाळा काढलेली आहे, ती पाहून शांत झाली. समुद्रकाठचं लुरेलिन गाव चाच्यांनी उद्ध्वस्त केलंय, ते पुन्हा उभं करायला लाकडं आणि तांदूळ गोळा करून द्यावे लागतात. पक्ष्यांसारख्या रिटो लोकांचं गाव बर्फाखाली गेलंय, आणि तिथला तुलिन, मागच्या भागातलं छोटं पोरगं, आता धनुष्य घेऊन आपल्याबरोबर निघतो. नव्या राज्यातलं उद्ध्वस्त गाव पाहून एवढं पोटात तुटलं असतं का? लुरेलिनचा किनारा आधी आनंदात पाहिला होता म्हणून तुटलं.

आता टॅरी टाउनबद्दल, कारण माझं मत खरं म्हणजे तिथेच ठरलं. पहिल्या भागात हे गाव नसतंच. हडसन नावाचा एक अबोल गवंडी ओसाड टेकाडावर एकटाच कुदळ मारत असतो. त्याला मोळ्या आणून द्यायच्या, ठिकठिकाणहून माणसं शोधून पाठवायची, तीही ज्यांच्या नावात शेवटी 'सन' आहे अशीच, कारण त्याच्या मालकाचा तसा नियम! हळूहळू घरं उठतात, दुकानं येतात, आणि शेवटी हडसनचं लग्न लागतं, गेरुडो जमातीच्या रॉन्डसन नावाच्या शिंपिणीशी. लेकीने ते लग्न मला स्वयंपाकघरातून हाक मारून दाखवलं होतं.

दुसऱ्या भागात गाव भरभराटलंय. हडसन-रॉन्डसनला मुलगी झालीय, मॅटिसन. आणि गेरुडोंच्या रिवाजाप्रमाणे आता तिला आईबापांचं घर सोडून गेरुडो शहरात राहायला जायचंय.

मैत्रिणींनो, माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. लेकीचा पुण्यातल्या कॉलेजचा फॉर्म त्याच आठवड्यात भरला होता.

नव्या राज्यात, नव्या गवंड्याची, नवी मुलगी निघाली असती तर मी "अगं बाई" म्हणून शेंगा सोलत राहिले असते. या मुलीच्या आईबापांचं लग्न आम्ही पाहिलं होतं. तिच्या घराला आम्ही लाकूड वाहिलं होतं. नव्या जागेला हे जमत नाही. ती कितीही सुंदर केली तरी तिच्याशी आपली पहिलीच भेट असते.

आता याच्या विरुद्ध बाजूचंही खोटं नाही. या मंडळींनी एक मोठी चूक केलीय. पहिल्या भागात १२० छोट्या देवळांसारख्या जागा होत्या, लेकीने एकेक शोधून काढल्या होत्या. दुसऱ्या भागात त्या गायब, आणि त्या कुठे गेल्या हे गावात कुणी धड बोलतही नाही. उलट नव्याच प्रकारच्या १५२ उगवल्या आहेत. माहेरी जावं तर देवघर जागेवर नाही, आणि वहिनी चहा करतेय जणू ते कधी नव्हतंच! जुन्या जागी परत न्यायचं असेल तर तिथलं सगळं आठवणीत ठेवायची जबाबदारी घ्यावी लागते. ती झेपणार नसेल तर सरळ नवी जागा करावी, त्यात कमीपणा नाही. जमिनीखालचा तो काळोखही मला कंटाळवाणाच वाटला. इकडून तिकडे सगळं सारखंच.

आमच्या धाकट्याचं म्हणणं, दर वेळी नवीनच हवं, त्याच्या पोकेमॉनसारखं. पोकेमॉनच्या नव्या पिढीत बहुतेक वेळा प्रदेशच बदलतो. पण त्यालाच मी विचारलं, १९९९ मधल्या 'गोल्ड' आणि 'सिल्व्हर'चं लोक अजून का नाव काढतात? त्यात नवा प्रदेश फिरून झाल्यावर पहिल्या गेममधला कांटो पुन्हा उघडतो. तीन वर्षं लोटलेली असतात, एका बेटावरचं गाव ज्वालामुखीत नाहीसं झालेलं असतं. त्यावर गप्प बसला. म्हणजे पटलं असं नाही, भूक लागली होती.

ह्यांच्या साडीच्या हिशेबाला माझं उत्तर एवढंच की आईची पैठणी उसवून तिचा परकर-पोलका शिवून घेतला तर शिंप्याला शिलाई आपण आनंदाने देतोच ना? नुसती घडी बदलली असती तर मीही पैसे दिले नसते.

एक व्यवहाराचं सांगते. मुलांना हा दुसरा भाग थेट घेऊन देऊ नका. दुकानदार म्हणेल, पहिला नाही खेळला तरी चालतो. चालतो, पण मग लुरेलिन हे फक्त एक पडकं गाव आणि मॅटिसन ही कुणाची तरी मुलगी. आधी पहिला खेळू द्या, सुट्टीभर पुरतो.

लेकीला गेल्या रविवारी पुण्याला सोडून आलो. स्विच तिने इथेच ठेवलंय, धाकट्यासाठी. मॅटिसनचा तो भाग ती खेळत होती तेव्हा हे दुकानातून आले होते, चपला न काढता दारातच उभे राहून बघत होते. एवढंच विचारलं, "तिकडे हिच्या ओळखीचं कुणी आहे का?"

किंमत मात्र जास्तच होती, असं अजून म्हणतात.