दिवे हवेत, पण कुठे?

समृद्धी महामार्गावर रात्री मोठा अपघात झाला की दोन दिवसांत एक मागणी हमखास पुढे येते : या रस्त्यावर दिवे लावा. मागणी करणारे कळकळीनेच बोलत असतात. ज्यांच्या घरातले माणूस रात्रीच्या प्रवासात गेले, त्यांना आधी तो काळोखच आठवणार. मीही रात्री गाडी चालवते. विदर्भात नातेवाईक असल्यामुळे या रस्त्याने जाणे-येणे असते. जालना मागे पडले की दोन्ही बाजूंचा उजेड संपतो आणि स्टिअरिंगवरचे हात आपोआप घट्ट होतात. म्हणून ही मागणी मला परकी वाटत नाही. तरीही माझे मत वेगळे आहे. द्रुतगती महामार्गावर सलग दिवे लावू नयेत. काही ठरावीक जागी ते हवेतच, आणि तिथे ते एक रात्रही बंद राहता कामा नयेत. बाकी सगळीकडे तोच पैसा आणि तीच माणसे दुसऱ्या कामांना लावली, तर जास्त जीव वाचतील.

आधी अंधारात नेमके काय घडते ते पाहू. समृद्धीवर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे. म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. समोर काहीतरी आहे हे डोळ्यांना दिसल्यापासून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड-दोन सेकंद जातात. दोन सेकंद धरले, तर तेवढ्यात गाडी ६६ मीटर पुढे गेलेली असते. पुढे कोरड्या रस्त्यावर, टायर चांगले असले तरी थांबायला आणखी ८० मीटर लागतात. एकूण हिशेब दीडशे मीटरच्या घरात जातो. आता हेडलाइट डिप्परवर असेल, तर पन्नास-साठ मीटरपलीकडची गडद रंगाची वस्तू नीट दिसत नाही. अप्परवर टाकला तर शंभर-दीडशे मीटरपर्यंत दिसते, पण समोरून किंवा पुढे वाहन असताना अप्पर लावून चालत नाही. थोडक्यात, रात्री १२० च्या वेगाने डिप्परवर जाणारा माणूस आपल्याला न दिसणाऱ्या रस्त्यावर गाडी हाकत असतो. ताशी ८० चा वेग ठेवला, तर हेच थांबण्याचे अंतर ८० मीटरवर येते.

मग दिवे लावले तर प्रश्न सुटत नाही का? दिव्यांचा उपयोग होतो हे कुणी नाकारू नये. नॉर्वेचे संशोधक रून एल्विक यांनी १९९५ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या ३७ अभ्यासांचा एकत्र ताळा मांडला. अंधाऱ्या रस्त्यावर दिवे आल्यावर रात्रीचे प्राणघातक अपघात सुमारे ६५ टक्क्यांनी आणि जखमी करणारे अपघात सुमारे ३० टक्क्यांनी कमी होतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. हे आकडे मोठे आहेत. पण त्यात शहरातले रस्ते आहेत, चौक आहेत, पायी चालणारी माणसे आहेत. द्रुतगती महामार्गाची गोष्ट निराळी. तिथे पादचारी नाहीत, दुचाकी आणि रिक्षा नाहीत, आडवे रस्ते नाहीत, समोरून त्याच पट्ट्यात येणारे वाहन नाही. दिवा ज्या धोक्यांपासून सर्वाधिक वाचवतो, ते धोके रस्त्याची आखणी करतानाच बाहेर ठेवलेले असतात. त्यामुळे अशा मार्गांवर दिव्यांचा फायदा बराच कमी भरतो. उलट, नॉर्वेमध्येच १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिवे आल्यावर चालक वेग वाढवतात आणि त्यांचे लक्षही थोडे सैल होते, असे आढळले.

युरोपात हा विचार कधीच झाला आहे. जर्मनीचे ऑटोबान बहुतांश अंधारातच असतात. ब्रिटनच्या मोटरवेंचा मोठा भाग दिव्यांविना आहे आणि जिथे दिवे होते तिथलेही काही टप्पे २००९ नंतर मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळेत बंद ठेवायला सुरुवात झाली. बेल्जियम तर आपल्या उजळलेल्या महामार्गांसाठी प्रसिद्ध होता. त्या देशानेही गेल्या दशकात बऱ्याच ठिकाणचे दिवे मालवले.

पण परदेशाचे दाखले पुरे. आपल्या रस्त्यावरचे अपघात काय सांगतात? १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर, दीडच्या सुमारास, नागपूरहून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ दुभाजकावर आदळून उलटली आणि पेटली. २५ माणसे होरपळून गेली. समोर कुठलाही अडथळा नव्हता. त्या ठिकाणी दिवे असते तर उलटलेल्या बसचा दरवाजा उघडला नसता आणि आगही थांबली नसती. त्याच वर्षी १५ ऑक्टोबरला, पुन्हा मध्यरात्रीनंतर, सैलानीहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची मिनी बस वैजापूरजवळ एका ट्रकवर मागून आदळली. १२ जण गेले. तो ट्रक परिवहन विभागाच्या पथकाने थांबवला होता, असे तेव्हा पुढे आले. रात्री बाराच्या पुढे, द्रुतगती मार्गावर, ट्रक थांबवून ठेवायची ती जागा नव्हती. या अपघातातही डोक्यावरच्या दिव्यापेक्षा रस्ता मोकळा असण्याची गरज जास्त होती.

या रस्त्यावर आणखी एक शत्रू आहे. मैलोन्‌मैल सरळ जाणारा सिमेंटचा पट्टा, एकसारखा वेग, बाजूला न गाव न दुकान. डोळे उघडे असतात आणि मेंदू झोपेकडे सरकत असतो. नागपूरच्या व्हीएनआयटीच्या अभ्यासकांनी या महामार्ग-संमोहनाकडे लक्ष वेधले आहे. एकसारख्या अंतरावर मागे पडत जाणारे खांब या गुंगीला तोडत नाहीत. ती तुटते ती चहाच्या पेल्याने, दहा मिनिटे पाय मोकळे करण्याने, दुसऱ्या चालकाच्या हाती गाडी देण्याने. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी सुरू झाला, तेव्हा थांबायला, खायला, स्वच्छतागृहाला धड जागा नव्हत्या. आधी रस्ता आणि मागाहून विश्रांतीची सोय, हा क्रमच चुकीचा होता.

आता ज्या कामाकडे पैसा वळवावा असे मी म्हणते, त्याकडे येते. रात्रीच्या रस्त्यावर सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू म्हणजे रिफ्लेक्टर. पर्सी शॉ नावाच्या यॉर्कशायरच्या माणसाने १९३४ मध्ये ‘कॅट्स आय’चे पेटंट घेतले. गाडीचा उजेड पडला की तो आल्या वाटेने चालकाच्या डोळ्यांकडे परत पाठवायचा, एवढेच त्याचे काम. वीज नको, खांब नको. आज आपल्या रस्त्यांवरच्या पांढऱ्या पट्ट्यांत मिसळलेले काचेचे बारीक मणी, फलकांवरचा चकाकणारा कागद आणि ट्रकच्या मागे लावायची, सगळे ज्याला रेडियम म्हणतात ती पट्टी हेच काम करतात. चांगली रेडियम पट्टी डिप्परच्या उजेडातही कित्येकशे मीटरांवरून दिसते. मघाचा दीडशे मीटरचा हिशेब इथे जमतो : आपला हेडलाइट जेवढा रस्ता उजळतो त्याच्या कितीतरी पुढची गोष्ट आपल्याला कळते.

मालवाहू वाहनांना पुढे पांढरी, मागे लाल आणि बाजूला पिवळी पट्टी लावण्याचा नियम आहेच. अडचण आहे ती पट्टी चिखलाने माखलेली असण्याची, अर्धी निघालेली असण्याची आणि पासिंगपुरती चिकटवलेली असण्याची. रस्त्यावरच्या पट्ट्यांचेही तेच. धूळ, ऑइल आणि टायरांच्या घासण्याने त्या पुसट होतात. पावसाळ्यात पाण्याचा थर काचेच्या मण्यांवर चढला की त्या दिसेनाशाच होतात. अशा वेळी रस्त्यातून किंचित वर आलेले कॅट्स आयच आपल्याला लेन दाखवतात. ते उखडले की महिनोन्‌महिने तसेच राहतात. ज्या रस्त्यावर टोल घेतला जातो, तिथे दर पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर पट्ट्या आणि कॅट्स आय तपासलेच पाहिजेत.

दुसरी गोष्ट झळाळीची. ट्रकच्या मागे ‘यूज डिप्पर ॲट नाइट’ असे लिहिलेले आपण लहानपणापासून वाचत आलो. सिन्नरजवळच्या एका ढाब्यावर ट्रक चालवणारे एक काका मला म्हणाले, “ताई, अंधाराचं भ्या नाही. समोरच्यानं अप्पर मारला की मग चार-पाच सेकंद काय बी दिसत नाही, त्याचं भ्या हाय.” डोळ्यांचे डॉक्टरही हेच सांगतील. झळाळीनंतर नजर सावरायला काही सेकंद लागतात, आणि वय वाढेल, मोतीबिंदू येऊ लागेल, तसा तो वेळ वाढतो. दुभाजकावर कण्हेर लावतात ती शोभेसाठी नाही. समोरच्या गाड्यांचा उजेड अडवणे हे तिचे काम. ती वाळली, तुटली की तिथे पुन्हा लावायला हवी. गाडीला बाहेरून बसवलेले, नियमबाह्य पांढरे एलईडी दिवे तर जप्तच करायला हवेत.

सलग दिव्यांचा खर्चही पाहू. माझा साधा हिशेब असा : समृद्धीची लांबी ७०१ किलोमीटर. दोन्ही बाजूंना दर ४० मीटरवर एक दिवा धरला तर जवळपास ३५ हजार दिवे होतात. प्रत्येकी १५० वॅट आणि रात्रीचे दहा तास धरले, तर एका रात्रीत ५२ हजारांहून अधिक युनिट. महिन्याला शंभर युनिट वापरणाऱ्या सुमारे १६ हजार घरांची ती वीज आहे. शिवाय खांब, केबल, केबलची चोरी आणि बंद पडलेल्या दिव्यांची दुरुस्ती. वेगाने जाणारी गाडी रस्ता सोडून बाहेर गेली तर खांब हा स्वतःच एक धोका असतो, म्हणून त्यालाही क्रॅश बॅरियरचे संरक्षण लागते.

हा रस्ता रानातूनही जातो. कारंजा-सोहोळचे काळवीट अभयारण्य, काटेपूर्णा, तानसा ही त्याच्या वाटेवरची नावे. प्राण्यांना ये-जा करता यावी म्हणून इथे खास पूल आणि भुयारी मार्ग बांधले आहेत. एकीकडे त्यांच्यासाठी वाट करायची आणि दुसरीकडे तीच वाट रात्रभर उजळून ठेवायची, हे बरोबर नाही. जानेवारी २०२४ मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातले पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. त्यासाठी आसपासच्या गावांतल्या दिव्यांचा उजेड जमिनीकडे वळवला गेला. अंधारही जपण्याची गोष्ट असू शकते, हे आपल्याच राज्याने दाखवून दिले आहे.

मग दिवे हवेत कुठे? टोलनाक्यांवर हवेत, कारण तिथे वेग एकदम उतरतो. इंटरचेंजवर हवेत, कारण तिथे गाड्या एकमेकींत मिसळतात. ट्रक थांबण्याच्या जागा, विश्रांतिस्थळे आणि पेट्रोलपंपांच्या तोंडाशी हवेत. बोगद्यांत तर दिवसासुद्धा हवेत : इगतपुरीजवळचा जवळपास आठ किलोमीटरचा जुळा बोगदा असो की मुंबई-पुणे मार्गावरचे भाताण आणि मडप, लख्ख उन्हातून आत शिरताना डोळे सरावायला वेळ लागतो, म्हणून तोंडाशी उजेड जास्त आणि आत कमी असावा लागतो. आणि सगळ्यात जास्त दिव्यांची गरज आहे ती द्रुतगती मार्गांच्या बाहेर. जिथे राज्य महामार्ग गावातून जातो, जिथे एसटीचा थांबा आहे, शाळा आहे, जिथे गळीत हंगामात उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्रभर चालतात, तिथे. केंद्रीय रस्ते मंत्रालयाच्या अहवालात देशातल्या अपघातांचा सर्वांत मोठा वाटा संध्याकाळी ६ ते ९ या वेळेत येतो. ती वेळ शेतातून आणि कामावरून घरी परतणाऱ्यांची. समृद्धीवरच्या ३५ हजार दिव्यांपेक्षा या गावांच्या वेशींवरचे दिवे जास्त माणसे वाचवतील.

हे शक्य आहे, याचा पुरावा आपल्याजवळ आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ जणांचा बळी गेला. त्यानंतर सेव्हलाइफ फाउंडेशन, रस्ते विकास महामंडळ आणि पोलीस यांनी मिळून प्रत्येक अपघाताच्या जागेचा अभ्यास केला. उघडे कठडे आणि खांब झाकले, बॅरियर दुरुस्त केले, फलक सुधारले, थांबलेली वाहने हटवण्याकडे लक्ष दिले, वेगाला आवर घातला. २०२३ पर्यंत मृत्यू निम्म्याहून कमी झाले. ९४ किलोमीटरचा तो रस्ता सलग दिव्यांनी उजळावा लागला नाही.

सरकारकडे माझे मागणे म्हणून एवढेच आहे. बंद पडलेले वाहन अर्ध्या तासाच्या आत लेनमधून बाजूला झाले पाहिजे, गस्त रात्री बारानंतरही दिसली पाहिजे, दर पन्नास किलोमीटरला ट्रकचालकाला झोपता येईल अशी उजेडाची, सुरक्षित जागा मिळाली पाहिजे. आणि वाचकांकडेही मागणे आहे. रात्री निघण्याआधी काच आणि हेडलाइट पुसा. मागे सामान भरले असेल तर हेडलाइटचा झोत खाली करून घ्या. डिप्परवर असाल तर वेग ८० च्या पुढे नेऊ नका. गाडी बंद पडली तर इंडिकेटर लावा, लाल त्रिकोण बराच मागे ठेवा आणि घरच्यांना घेऊन बॅरियरच्या पलीकडे जाऊन उभे राहा. जांभई आली की पुढच्या थांब्यावर थांबा. घरी थोडे उशिरा पोहोचलात तरी चालेल.