मुलाबाळांसह जलविहार : नौका कशी निवडावी?

आमच्या नेसरीच्या परिसरांत नौका म्हणजे पैलतीर गांठण्याचें साधन, एवढाच अर्थ पूर्वीं लोकांच्या मनांत असे. कोल्हापूर-सांगलीकडच्या नद्यांना पूर आला आणि पलीकडे जाणें अगदींच अगत्याचें झालें, म्हणजे गुऱ्हाळांतील गूळ कढविण्याची काहील पाण्यांत सोडून तींत बसून लोक पार होत. हा प्रकार अद्यापिही कोठें कोठें पाहावयास सांपडतो. मौजेसाठीं, आणि तेंही कच्च्याबच्च्यांना बरोबर घेऊन, पाण्यांत जावें ही कल्पना वडील मंडळींस रुचली नसती. आतां काळ पालटला आहे. सुटी लागली कीं कोणी रंकाळ्यावर, कोणी तारकर्लीस जातो. आणि परदेशीं स्थायिक झालेलीं आमचीं मुलें तर स्वतःची यंत्रनौका विकत घेण्याचा विचार करूं लागलीं आहेत. काळाशीं भांडण्यांत अर्थ नाहीं. परंतु नव्या सुखाबरोबर नवें शहाणपणही घरांत आलें पाहिजे, एवढें सांगणें आमचें काम आहे.

या विषयावर लिहिण्यास निमित्त झालें तें आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याचें पत्र. तो अमेरिकेंतील मिनेसोटा राज्यांत नोकरीस असून त्याला चार व सात वर्षांचीं दोन अपत्यें आहेत. घराजवळ सरोवर आहे. त्याच्या मनांत वेगानें धांवणारी नौका भरली आहे. त्याच्या पत्नीचें म्हणणें, मुलें जाणतीं होईपर्यंत नौकाच नको. "गुरुजी, दोघांचें समाधान होईल असा मार्ग सांगा," असें तो लिहितो. शब्दरूपें पाठ करून घेणाऱ्या मास्तरास यंत्रांविषयीं विचारावें हें पाहून कोणास हंसू येईल. परंतु प्रश्न यंत्राचा थोडा आणि गृहस्थधर्माचा अधिक आहे. यास्तव या विषयाचें वाचन करून जें आम्हांस निश्चित वाटलें, तें सर्वच वाचकांपुढें ठेवीत आहों.

पहिला प्रश्न नौकेचा नसून पाण्याचा आहे. राजा भोजाच्या नांवावर असलेल्या 'युक्तिकल्पतरु' ग्रंथांत नौकांचे 'सामान्य' व 'विशेष' असे दोन मुख्य भेद केले आहेत. सामान्य त्या नद्यांतून चालणाऱ्या आणि विशेष त्या समुद्रगामी. आजचा दुकानदार अश्वशक्तीपासून व रंगापासून आरंभ करतो. आमच्या शास्त्रकारानें पाण्यापासून आरंभ केला, आणि तोच क्रम बरोबर आहे. मिनेसोटा हा दहा हजार सरोवरांचा प्रदेश म्हणून प्रसिद्ध आहे. पण त्याच्याच सीमेला लागून असलेलें सुपीरियर सरोवर लाटांनीं व थंडीनें समुद्राची बरोबरी करतें. घरामागच्या लहान सरोवराला शोभणारी नौका तेथें नेणें म्हणजे काहिलींत बसून मालवणच्या समुद्रांत उतरण्यासारखें आहे.

पाणी ठरलें म्हणजे आकार ठरविणें सोपें जातें. लहान मुलांच्या कुटुंबासाठीं तिकडे ज्या नौकेची शिफारस बहुधा केली जाते, तिला पाँटून म्हणतात. ॲल्युमिनियमच्या दोन पोकळ, लांबट नळकांड्यांवर सपाट तक्तपोशी बसविलेली, सभोंवार कठडा आणि कठड्याला दारें, अशी तिची रचना असते. एखादें तरंगतें अंगणच म्हणा ना! मिनेसोटांतच १९५२ सालीं अँब्रोज वीरेस यानें अशी नौका बनविली व तेथून तिचा प्रसार झाला. तळ रुंद असल्यामुळें मुलें एका बाजूस धांवलीं तरी ती सहसा कलत नाहीं. परंतु तिलाही दोष आहेत. मोठ्या लाटांपुढें ती दुबळी ठरते, व वारा तिला सहज ढकलतो. आणि कठड्याच्या पुढें जी वीतभर जागा उरते, तेथें पाय सोडून बसण्याचा मोह मुलांना हटकून होतो. तेथून पडलेलें मूल नौकेच्या खालून थेट मागच्या पंख्यापर्यंत जाऊं शकतें. म्हणून नौका चालूं असतां दारें बंद आणि सर्वजण कठड्याच्या आंत, हा नियम मोडूं देऊं नये.

दुसरा प्रकार म्हणजे इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची उघडी नौका. ही लाटा कापीत जाते, म्हणून थोड्या खवळलेल्या पाण्यास ती अधिक योग्य. मात्र नाळेवरच्या बैठकीवर लहान मुलांस बसवूं नये, कारण लाटेचा दणका तेथेंच सर्वांत अधिक बसतो. तिसरा प्रकार केवळ वेगासाठीं केलेल्या नौकांचा. चार वर्षांचें मूल घरांत आहे तोंवर ती दुकानांतच राहूं द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. कोणतीही नौका पाहतांना मात्र बापानें स्वतः गुडघे टेकून मुलाच्या उंचीवरून ती पाहावी : कठडा त्याच्या छातीइतका आहे काय, पाय घसरेल अशी जागा कोठें आहे, पाण्यांतून वर येण्यास भक्कम शिडी आहे काय, आणि सांवलीची सोय आहे काय?

माणसें किती बसवावीं, हा तिसरा प्रश्न. अमेरिकेंत वीस फुटांहून लहान नौकेसाठीं एक ढोबळ हिशेब सांगतात : लांबी व रुंदी फुटांत मोजून गुणाकार करावा व त्यास पंधरांनीं भागावें. पंधरा फूट लांब व सहा फूट रुंद नौकेवर, या हिशेबानें, सहा माणसें. हा हिशेब शांत पाण्याचा व एका तळाच्या नौकेचा आहे. पाँटूनला तो लावूं नये. ज्या नौकेवर माणसांची व वजनाची मर्यादा सांगणारी पट्टी ठोकलेली असते, तिची आज्ञा वेदवाक्य समजावी. आपल्याकडे "मुलें काय, मांडीवर बसतील" असें म्हणून त्यांना मोजींतच धरीत नाहींत. एस.टी.च्या गाडींत हें एक वेळ चालेल. पण पाणी तिकीट तपासीत नाहीं, तें वजन मोजतें. १८ जानेवारी २०२४ रोजीं बडोद्याच्या हरणी तलावांत सहलीची नौका उलटून बारा विद्यार्थी व दोन शिक्षिका मृत्यु पावल्या. त्या नौकेंत प्रमाणाबाहेर मुलें बसविलीं होतीं. आम्ही आयुष्यभर शाळेच्या सहली नेल्या आहेत. ती वार्ता वाचून कित्येक रात्री आम्हांस नीट झोंप आली नाहीं.

आतां यंत्राविषयीं. नौकेच्या पाठीस बाहेरून जोडावयाचें यंत्र लोकप्रिय करणारा ओल एव्हिनरूड हा नॉर्वेंत जन्मलेला गृहस्थ. आपल्या प्रियेसाठीं सरोवरापार जाऊन आईस्क्रीम आणतांना तें वल्हीं मारतां मारतां वितळून गेलें, म्हणून त्यास ही युक्ति सुचली अशी आख्यायिका आहे. कथा गोड आहे; पण यंत्राचा पंखा गोड नाहीं. मूल पाण्यांत किंवा शिडीवर असतां यंत्र मंद ठेवणें पुरेसें नसून तें पूर्ण बंद केलें पाहिजे. यंत्राला एक दोरी असते. तिचें टोंक चालकाच्या अंगाला अडकवावयाचें, म्हणजे तो पाण्यांत फेंकला गेला तर यंत्र तत्काळ थांबतें. अमेरिकेंत सव्वीस फुटांहून लहान यंत्रनौकांस ही व्यवस्था वापरणें १ एप्रिल २०२१ पासून कायद्यानें बंधनकारक झालें आहे. आपल्याकडे ती दोरी पुष्कळदां खुंटीवर लोंबतांना दिसते.

यंत्राचा दुसरा धोका डोळ्यांना दिसत नाहीं. त्याच्या धुरांत कार्बन मोनॉक्साईड नामक विषारी वायु असतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. मिनेसोटांतीलच मिनेटोंका सरोवरावर २०१५ सालीं सात वर्षांची एक मुलगी नौकेच्या खोलींत विसाव्यास गेली ती पुन्हां उठली नाहीं. धूर बाहेर टाकणाऱ्या नळीस भोंक पडून वायु आंत शिरला होता. त्यानंतर त्या राज्यानें बंदिस्त खोली असलेल्या नौकांवर या वायूची सूचना देणारें यंत्र बसविण्याचा कायदा केला, व तो २०१८ च्या मे महिन्यापासून अंमलांत आला. म्हणून लहान मुलांसाठीं शक्यतों उघडी नौकाच बरी. आणि यंत्र चालूं असतां मागील बाजूस मुलांना खेळूं देऊं नये. प्रवासांत मूल पेंगूं लागलें, डोकें दुखतें म्हणूं लागलें, तर "ऊन लागलें असेल" असें म्हणून स्वस्थ बसूं नये. त्यास आधीं मोकळ्या हवेंत न्यावें.

यापुढील गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे जीवरक्षक जाकीट. अमेरिकेच्या तटरक्षक दलानें २०२३ सालचा जो हिशेब प्रसिद्ध केला, त्यांत मौजेच्या नौकांवरील अपघातांत ५६४ माणसें मेल्याची नोंद आहे. ज्यांच्या मृत्यूचें कारण कळलें त्यांपैकीं सुमारें शेंकडा ७५ बुडून मेलीं. आणि या बुडालेल्यांपैकीं शेंकडा ८७ जणांच्या अंगांत जाकीट नव्हतें. यावर भाष्य करण्याची गरज नाहीं. मिनेसोटांत दहा वर्षांखालील मुलास चालत्या नौकेवर जाकीट घातलेंच पाहिजे असा कायदा आहे. पण जाकीट म्हणजे "मोठें घ्या, पुढल्या वर्षीं होईल" असें शिवावयाचें परकर-पोलकें नव्हे. तें मुलाच्या वजनाप्रमाणें घ्यावें. सुमारें चौदा किलोपर्यंतचें, तेवीस किलोपर्यंतचें व एकेचाळीस किलोपर्यंतचें, असे तिकडे मुलांसाठीं तीन भेद आहेत. लहानग्याच्या जाकिटास मानेमागें डोकें वर धरणारी गादी, दोन पायांमधून जाणारा पट्टा आणि ओढून घेण्यास पाठीवर मूठ असावी. परीक्षा सोपी आहे : जाकीट घातल्यावर खांद्यांपाशीं धरून तें वर उचलावें; हनुवटी-कानांपर्यंत सरकलें तर तें निरुपयोगी. हवा भरून फुगणारीं जाकिटें लहान मुलांसाठीं घेऊं नयेत. आणि आईबापांनींही जाकीट घातलें पाहिजे. कारण मूल सांगितलेलें करीत नाहीं, पाहिलेलें करतें.

अमरकोशांत नाविकास 'कर्णधार' हा पर्याय दिला आहे. कर्ण म्हणजे सुकाणू, तें धारण करणारा तो कर्णधार. ज्याच्या हातीं सुकाणू त्यानें त्या दिवशीं मद्याला स्पर्श करूं नये, छायाचित्रें काढूं नयेत आणि मुलें सांभाळण्याचें कामही पत्करूं नये. तें दुसऱ्या जाणत्या माणसाचें. खर्चाविषयीं एवढेंच कीं, नौकेची किंमत ही खर्चाची नांदी आहे. विमा, वाहून नेण्याचा गाडा, दुरुस्ती, आणि सरोवर गोठलें म्हणजे ती ठेवण्याची जागा, हें सर्व मागाहून येतें. यास्तव आम्हीं त्या विद्यार्थ्यास कळविलें : पहिला उन्हाळा नौका भाड्यानें घे, पांच-सहा वेळां जाऊन पाहा, मुलांना पोहावयास शिकव, मग दोघें बसून ठरवा. आणि वसंतांत हवा उबदार वाटली तरी पाणी बर्फासारखें असतें. त्यांत एकाएकीं पडणाऱ्या माणसाचा श्वासच प्रथम कोंडतो, हें विसरूं नकोस. पत्नीचें भय हा भित्रेपणा नसून तुझ्या घरांतील पहिलें जीवरक्षक जाकीट तेंच आहे, हेंही त्यास लिहिलें.

कोणी म्हणेल, "आम्हांस कोठें नौका विकत घ्यावयाची आहे?" वाचकहो, घाटावर उभे राहून ज्या नौकेंत आपण मुलासह पाय ठेवतों, ती आपण निवडलेलीच असते, फरक इतकाच कीं येथें निवडीस वर्षाऐवजीं दोन मिनिटें मिळतात. त्या दोन मिनिटांचें मोल किती, तें गेल्या कांहीं वर्षांनीं दाखविलें आहे. ८ ऑगस्ट २०१९ रोजीं महापुरांतून सुटका करतांना सांगली जिल्ह्यांतील ब्रह्मनाळ येथें नौका उलटून दहांहून अधिक माणसें गेलीं; तेथें बिचाऱ्यांना निवड करण्यास अवसरच नव्हता. पण २४ मे २०२२ रोजीं तारकर्लीच्या समुद्रांत पर्यटकांची नौका उलटली, २१ मे २०२४ रोजीं उजनीच्या जलाशयांत वादळी वाऱ्यानें नौका उलटून दोन बालकांसह सहा जण बुडाले, आणि १८ डिसेंबर २०२४ रोजीं घारापुरीस निघालेल्या प्रवासी नौकेस मुंबईजवळ दुसऱ्या वेगवान नौकेची धडक बसली. या शेवटच्या प्रसंगावरून दिसतें कीं, आपली नौका निर्दोष असली तरी दुसऱ्याच्या नौकेचा भरवसा देतां येत नाहीं. म्हणून जाकीट आसनाखालीं नव्हे, अंगावर पाहिजे.

तेव्हां घाटावर चार गोष्टी पाहाव्या. नौकेंत किती माणसें घेण्याची परवानगी आहे आणि प्रत्यक्ष किती बसलीं आहेत? मुलांच्या मापाचीं जाकिटें आहेत काय, कीं मोठ्यांचींच त्यांच्या गळ्यांत अडकवितात? आभाळ कसें आहे? मे महिन्यांत दुपारनंतर पश्चिमेस काळें दिसूं लागलें, तर पैसे भरले असले तरी जाऊं नये. आणि नावाडी प्रश्न ऐकून उत्तर देतो, कीं चिडतो? चांगल्या नावाड्यास अशा प्रश्नांचा राग येत नाहीं. उलट विचारणारा गिऱ्हाईक त्यास आवडतो.

यांपैकीं कोणतीही गोष्ट कठीण नाहीं. कठीण आहे ती पांचवी : भरल्या घाटावर, सोबतची मंडळी नौकेंत बसलेली असतां, मुलें रडत असतां, "आम्ही येत नाहीं" असें म्हणून परत फिरणें. आपल्या मध्यमवर्गीय घरांत चारचौघांत नाहीं म्हणण्याचा संकोच फार; लोक काय म्हणतील या भयानें आपण कित्येकदां मनाविरुद्ध पाऊल उचलतों. लोक म्हणतील तें दोन दिवस म्हणतील. किनाऱ्यावर वाळूचे किल्ले करीत घालविलेली संध्याकाळही मुलांना आयुष्यभर आठवते. ज्या दिवशीं नौका चांगली, पाणी शांत आणि मनांत शंका नाहीं, त्या दिवशीं मात्र त्यांना अवश्य न्यावें. पाण्याचें भय नव्हे, पाण्याचा आदर त्यांनीं शिकावा, आणि तो त्यांना आईबापांच्या वागण्यांतूनच शिकतां येईल.