न्यायासनावरून महापौरांच्या आसनाकडे

परळ-लालबागच्या चाळींत वाढलेल्या माणसाला धोबी तलावाचे लघुवाद न्यायालय ठाऊक असते ते खोलीच्या भाड्याच्या दाव्यापायी, आणि महापालिका ठाऊक असते ती नळाच्या पाण्यापायी. न्यायाधीश आणि महापौर ही त्याच्या लेखी दोन निराळ्या जगांतली माणसे. या शहरात मात्र एके काळी ही दोन्ही पदे एकाच माणसाकडे होती. 1726 च्या राजसनदेने मुंबईस महापौर आणि नऊ आल्डरमन मिळाले व 1728 पासून त्यांचे 'मेयर्स कोर्ट' सुरू झाले. ही माणसे बहुतेक कंपनीचे व्यापारी होती आणि कायद्याचे शिक्षण त्यांना सक्तीचे नव्हते. धान्य तोलणाऱ्या हातांतच न्यायाचा तराजू होता, असे म्हटले तरी चालेल. पुढे 1753 च्या सनदेने, एतद्देशीयांचे आपसांतील दावे उभय पक्षांची संमती असेल तरच तेथे चालावेत, असे ठरले. 1798 मध्ये 'रेकॉर्डर्स कोर्ट' आले आणि महापौरांचे हे न्यायासन इतिहासजमा झाले.

योगायोग असा की, न्यायाधीश खऱ्या अर्थाने महापौर झाल्याचे जे उदाहरण आम्हांस सर्वांत मोलाचे वाटते, तेही एका रेकॉर्डर्स कोर्टातलेच आहे. अमेरिकेतील डेट्रॉइट या मोटारींच्या गावात त्या नावाचे फौजदारी न्यायालय होते. फ्रँक मर्फी 1923 साली त्याचे न्यायाधीश म्हणून निवडून आले. तेथे न्यायाधीशही मतपेटीतून येतो, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे. सप्टेंबर 1925 मध्ये ऑशन स्वीट नावाचे एक कृष्णवर्णीय डॉक्टर गोऱ्यांच्या वस्तीत स्वतःच्या पैशांनी घेतलेल्या घरात राहावयास गेले. दुसऱ्याच रात्री घराभोवती जमाव जमला, दगड आले, घरातून गोळ्या सुटल्या आणि रस्त्यावरील एक गोरा इसम मरण पावला. घरातल्या अकरा जणांवर खुनाचा आरोप ठेवण्यात आला. सहकारी न्यायाधीश ज्या खटल्यास हात लावण्यास राजी नव्हते, तो मर्फींनी आपल्याकडे घेतला. पुन्हा मते मागावयाची असताना घेतला, ही त्यातील खरी गोष्ट. आपले घर राखण्याचा अधिकार काळ्या माणसालाही गोऱ्याइतकाच आहे, हे त्यांनी ज्यूरीस स्पष्ट सांगितले. पहिल्या ज्यूरीचे एकमत झाले नाही. मे 1926 मध्ये दुसऱ्या खटल्यात डॉक्टरांचे बंधू हेन्री निर्दोष सुटले आणि पुढे उरलेल्यांवरील आरोपही मागे घेण्यात आले.

हा प्रसंग वाचताना आम्हांस 1917 चे बडोदे आठवल्यावाचून राहत नाही. परदेशातून विद्या घेऊन आलेल्या बाबासाहेबांना लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने पारशी धर्मशाळेतून बाहेर काढले. त्या दिवशी त्यांचे म्हणणे ऐकून घेणारा एकही न्यायाधीश तेथे नव्हता.

1930 मध्ये मर्फी डेट्रॉइटचे महापौर झाले. मंदीने कारखान्यांना टाळी ठोकली होती. त्यांनी बेकारांसाठी समिती नेमली, रिकाम्या पडलेल्या कारखान्यांतून बेघरांच्या राहण्याची सोय केली. तिजोरी आटली तेव्हा मदतीच्या याद्या कापण्याची पाळीही त्यांच्यावरच आली. न्यायबुद्धी असली म्हणजे पैसा उभा राहतो असे नव्हे. 1937 मध्ये मिशिगनचे राज्यपाल असताना, कारखान्यात ठाण मांडून बसलेल्या संपकऱ्यांना लष्कराकरवी हाकलण्यास त्यांनी नकार दिला. 1982 चा संप पाहिलेल्या गिरणगावास याचा अर्थ निराळा सांगावयास नको. पुढे ते त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेले.

मुंबईच्या महापौरांना मर्फींसारखे अधिकार नाहीत. 1888 च्या कायद्याने कारभाराची सूत्रे आयुक्तांच्या हाती दिली. 1931 मध्ये पालिकेच्या अध्यक्षांस 'महापौर' हे नाव मिळाले, सत्ता मिळाली नाही. त्यामुळे हे पद निव्वळ शोभेचे, असे आपल्याकडे सर्रास बोलले जाते. आम्हांस ते पटत नाही. सभागृहात कोणास बोलू द्यावे, कोणता मुद्दा नियमात बसतो, मते समसमान पडली तर कौल कोणीकडे द्यावा, हे महापौर ठरवतात. हे काम कारभाऱ्यापेक्षा न्यायाधीशाच्याच जवळचे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या धामधुमीत आचार्य दोंदे आणि मिरजकर यांच्यामागून 1959-60 साली बाबासाहेबांच्या चळवळीतले पी. टी. बोराळे या आसनावर बसले. बोराळे कायद्याचे अभ्यासक होते. अस्पृश्यांच्या वेगळेपणाचा सामाजिक व कायदेशीर अंगाने शोध घेणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1968 साली निघाला. ज्यांना पाणवठ्यावर उभे राहू देत नसत, त्यांच्यातला माणूस पाण्यावर चर्चा करणाऱ्या सभेत बोलण्याची पाळी ठरवू लागला. याला शोभा म्हणावे काय?

मार्च 2022 मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकांनी कारभार पाहिला. सभागृहच नसल्याने तेथे तक्रार मांडणारा नव्हता आणि ती ऐकून घेणाराही नव्हता. तेव्हा आपल्यापैकी किती जणांनी त्याविषयी आवाज उठवला?

आपल्या वसतिगृहातील मुलांना पुढे काय व्हायचे म्हणून विचारले, तर डॉक्टर, इंजिनिअर, फार तर कलेक्टर ही उत्तरे येतात. पालकांचीही तीच इच्छा असते आणि तिच्यामागील हलाखी आम्ही जाणतो. तरीही एक विनंती करतो. जे माजी विद्यार्थी आज न्यायालयांत वकिली करतात, त्यांनी वर्षातून एक दिवस नववी-दहावीच्या मुलामुलींना सोबत न्यावे. सकाळी धोबी तलावाला एखाद्या भाडेकरूचा दावा दाखवावा आणि दुपारी महापालिकेच्या सभागृहाची प्रेक्षक सज्जा. जाण्यायेण्याचा खर्च माजी विद्यार्थ्यांच्या वर्गणीतून सहज भागेल.