भिंत समुद्राने पाडली, अडवली कागदाने

कोकण किनाऱ्यावर उधाणाच्या भरतीने घरापुढची दगडी भिंत खचली, तर घरमालकाने काय करावे? दगड गोळा करून ती पुन्हा रचावी, असे कोणीही म्हणेल. कायदा तसे म्हणत नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार समुद्राचे पाणी अडवणारा बांध घालण्यास बंदी आहे. धूप रोखण्यासाठी सूट मिळते. पण त्यासाठी भरतीरेषा दाखवणारा १:४००० प्रमाणाचा नकाशा मान्यताप्राप्त संस्थेकडून काढून राज्याच्या प्राधिकरणापुढे प्रस्ताव न्यावा लागतो. मासळीवर पोट भरणाऱ्या माणसाने हे कसे करायचे?

आम्ही या कायद्याच्या विरोधात नाही. एका घरापुढे भिंत उभी राहिली की लाट शेजाऱ्याची जमीन खाते. तपासणी हवीच. आमचा आक्षेप वेगळा आहे. ना-विकास क्षेत्रात घरदुरुस्तीची मुभा आहे, ती फक्त 'अधिकृत' बांधकामाला. अधिकृत कोण? ज्याच्याकडे कागद आहे तो! आणि खोतीच्या गावांत कागद खोताकडे होता, कुळाकडे नव्हता. म्हणूनच बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. प्रत्यक्ष कायदा व्हायला १९४९ उजाडले. पिढ्यान्‌पिढ्या राहूनही ज्यांचे नाव उताऱ्यावर चढले नाही, त्यांनाच आज घर अधिकृत असल्याचे सिद्ध करा, असे सांगितले जाते.

दुसरीकडे मुंबईचा सागरी किनारा मार्ग पाहा. भराव घालून रस्ता करता यावा म्हणून डिसेंबर २०१५ मध्ये अधिसूचनाच बदलण्यात आली. जुलै २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने मंजुरी रद्द केली. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली. २०२४ मध्ये मोटारी धावू लागल्या. मोटारवाल्यांसाठी अधिसूचना बदलते, झोपडीपुढच्या चार दगडांसाठी बदलत नाही. घटनेच्या कलम १४ मधली समानता ती हीच काय?

२०११ च्या अधिसूचनेने पारंपरिक किनारी समाजांची परवानगीविना राहिलेली घरे नियमित करण्याची तरतूद केली होती. व्यापारी वापर नको आणि बाहेरच्यांना विक्री नको, एवढ्याच अटी. तिचा लाभ किती वस्त्यांना मिळाला, हे आता माहितीच्या अधिकारात विचारले पाहिजे. नकाशाचा खर्च शासनाने करावा आणि एका वस्तीचा एकच प्रस्ताव घ्यावा, ही आमची मागणी आहे. एकेकट्याने कचेरीचे उंबरे झिजवू नका. वस्तीने मिळून लेखी अर्ज द्या आणि पोच घेतल्याशिवाय परतू नका.